कालची बेल

"आज विश्रांती," बाबांनी सकाळी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "बोट जागची हलणार नाही. सगळ्यांनी उतरायचं, पाय मोकळे करायचे आणि आराम करायचा."

हे ते अशा आवाजात म्हणाले, की ऐकणाऱ्याला वाटावं घरावर जप्ती आली आहे. मी आईकडे पाहिलं. आईनं ओट्याकडे पाहिलं. आजी खिडकीशी बसून पाण्याकडे बघत होती, ती म्हणाली, "तुम्ही उतरा. मला इथेच आराम आहे."

आता आधी आमची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर आम्ही भांडतोय की सुट्टी घालवतोय हे कळायचं नाही. तसं ते आम्हालाही कायम कळतंच असं नाही.

बाबा बस चालवतात. आई त्याच बसवर कंडक्टर आहे. लग्नाआधीही दोघं एकाच गाडीवर होते, आणि लग्न जमलं तेही त्याच गाडीवर, त्यामुळे घरातलं निम्मं वळण बसचं आहे. ड्रायव्हरनं मागे वळून बघायचं नसतं. मागचं सगळं कंडक्टरचं. एक बेल वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. कामावर असताना बाबा आईला 'कंडक्टर' आणि 'तुम्ही' म्हणतात, आणि डेपोच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'अगं'. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आईला अशी दोन नावं असतात.

बाबांच्या गाडीवर तीस वर्षांत ओरखडा नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, कारण त्यांच्या वतीनं आई सगळ्यांना सांगते. आणि आईनं आयुष्यात एकदाही चूक केलेली नाही. हे मात्र ती स्वतःच सांगते. आमच्याकडे भाजी खारट झाली तर दोष मिठाचा असतो, बस चुकली तर बसचा. आईला नाकावर माशी बसू द्यायची सवय नाही. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. दिवसभर "हे बरं दिसतं की हे?" विचारून मी एवढं शिकलेय, की माणसाला जे बघायचं नसतं ते कुठल्याच काचेतून दिसत नाही.

बोट आजीसाठी होती. आजी जन्मभर या नदीच्या वरच्या अंगाला राहिली, आणि नदी समुद्राला मिळते ती जागा तिनं कधी पाहिली नव्हती. "सारा जन्म हिच्यात कपडे धुतले," ती म्हणायची, "एवढा साबण शेवटी जातो कुठे ते एकदा बघून घेऊ दे." बाबांनी आठवड्याभरासाठी बोट भाड्यानं घेतली. झोपायच्या दोन खोल्या, पुढे सुकाणू, सुकाणूच्या पाठीलाच स्वयंपाकाचा ओटा. बोटवाल्यानं अर्ध्या तासात चालवायला शिकवलं. उजव्या हातात सुकाणू, डाव्या हाताशी एक दांडा. दांडा पुढे ढकलला की बोट पुढे, मधे आणला की मोकळी, मागे ओढला की उलटी. बाबांनी स्वतःच्या बसमधली उशी सीटला बांधून घेतली आणि म्हणाले, "यात चालवायचं ते काय! खड्डे नाहीत, सिग्नल नाहीत, रिक्षावाले नाहीत."

चार दिवस ते अगदी रुबाबात होते. काल संध्याकाळी या गावाच्या धक्क्याला लागताना तो रुबाब पाण्यात पडला.

उशीर झाला होता. काठावरच्या हॉटेलात लोक जेवत होते. बाबांनी बोट हळूहळू आणली, दांडा मधे घेतला, सगळं झकास चाललं होतं. मी पुढच्या टोकाला दोर हातात घेऊन उभी होते आणि धक्क्यावर पाय टाकणार, तेवढ्यात बोट घोड्यासारखी उसळली. मी मागच्या मागे आपटले. बोट धक्क्याच्या फळ्यांवर चढली, हॉटेलच्या तीन कुंड्या पाण्यात गेल्या, आणि जेवणारी माणसं घास हातात धरून बघत राहिली. आई हातात चमचा आणि झाकण घेऊन तशीच पुढे धावली आणि ओरडली, "अहो, काय केलंत हे!"

माझं कोपर खरचटलं, बाकी कोणाला काही झालं नाही. हॉटेलवाल्या बाई फार चांगल्या निघाल्या. "असू दे हो, कुंड्या काय, परत घेता येतात," असं त्या हसून म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बाबांना बरं वाटलं असतं. बाबा जेवले नाहीत. रात्रभर त्यांच्या कुशी बदलण्यानं बोट हलत होती.

म्हणून आज विश्रांती.

"आई, उतर ना," बाबा आजीला म्हणाले. "समोर बाग आहे. बाक आहे. झाड आहे."

"बाक आमच्या दारातही आहे."

"दिवसभर पाण्यावर बसून चक्कर येईल तुला."

"मी उतरले की तू मला परत चढवणार नाहीस," आजी म्हणाली. "तुला मी जन्म दिलाय."

 बाबांनी इंजिनाच्या किल्लीसाठी खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा होता. आजीनं कमरेची कापडी पिशवी जरा आत खोचली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

बाबा एकटेच उतरून गेले. आई आणि मी मागून निघालो. आरामाच्या दिवशी करायच्या सगळ्या गोष्टी आम्ही केल्या. म्हणजे दोरी विकत घेतली, साबण घेतला, एका दुकानात काहीही न घेता सगळे टॉवेल उलगडून पाहिले. आई रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला न्याहाळत होती. "बघ, दारात लोंबकळतोय. आमच्याकडे असता तर घरी बसवला असता." मी म्हटलं, "आई, आपण सुट्टीवर आहोत." ती म्हणाली, "मी आहे. डोळे नाहीत."

बाबा सापडले ते अर्थातच बसस्टँडवर. सिमेंटच्या बाकावर बसले होते. समोर एक बस मागे घेताना ड्रायव्हरनं मागचा पत्रा खांबाला घासला, चांगला कर्रर्र आवाज आला. मी कान टवकारले. एरवी बाबांनी उठून त्याच्या सात पिढ्यांचं लायसन तपासलं असतं. ते नुसते बसून राहिले.

आता मात्र मला भीती वाटली.

"मी बोटवाल्याला फोन केलाय," ते म्हणाले. "उद्या सकाळी तो इथे येऊन बोट घेऊन जाईल. दुपारची बस आहे. आपण घरी जाऊ."

"आणि सासूबाईंचा समुद्र?" आईनं विचारलं.

"टॅक्सीनं दाखवू कधीतरी."

"अहो, तीन कुंड्यांसाठी एवढं?"

"कुंड्या नाहीत गं," बाबा म्हणाले. त्यांनी डावा हात उघडून बघितला. "मी दांडा मोकळा केला होता. मला पक्कं आठवतंय. आणि मग तो पुढे होता. मधलं काही आठवतच नाही. माझ्याच हातानं, मला न विचारता. उद्या बसमध्ये असं झालं तर? पोरगी पडली काल. जरा इकडे पडली असती तर बोट आणि धक्का यांच्या मधे गेली असती." ते थांबले. "कामावर गेलो की साहेबांना सांगणार आहे. मला टेबलाचं काम द्या."

बाबा आणि टेबल! त्यांना घरात खुर्चीवर बसूनही पुढे आरसा लागतो. मला हसू यायला हवं होतं, पण आलं रडू. आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या. उपाशीपोटी राजीनामा देऊ नये."

जेवायला आम्ही काठावरच्या त्याच हॉटेलात गेलो, कारण आईचं म्हणणं, की आपण तोंड लपवलं तर लोक तोंड बघायला येतात. हॉटेलवाल्या बाईंनी आम्हाला पाण्याजवळचं टेबल दिलं. उरलेल्या कुंड्या त्यांनी भिंतीला नेऊन लावल्या होत्या. बाबांच्या डाव्या हाताशी सॉसची बाटली होती, तिच्यावर हात ठेवून ते नदीकडे बघत बसले होते.

आत आचाऱ्यानं कोणाचं तरी ताट तयार केलं. ते न्यायला या म्हणून त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पत्र्यावर उलथनं आपटलं. ठण्‌ ठण्‌.

बाबांच्या डाव्या हातातली बाटली सरळ पुढे गेली. पाण्याच्या जगावर आपटली, जग कलंडला आणि सगळं पाणी आईच्या मांडीवर.

"बघितलंत?" बाबांचा चेहरा पांढरा पडला. "बघितलंत ना? हात गेला माझा!" ते उठले आणि ताट यायच्या आत बाहेर पडले.

आई ओल्या मांडीनं तशीच बसून होती. ती पाण्याकडे बघत नव्हती, बाबांकडेही नाही. तिची नजर त्या पत्र्याच्या खिडकीवर होती.

आणि माझ्या डोळ्यांसमोर कालची आई उभी राहिली. एका हातात चमचा, एका हातात झाकण. रोज आम्ही धक्क्याला लागल्यावर जेवायचो. काल उशीर झाला म्हणून स्वयंपाक आधीच तयार होता. इंजिनाच्या आवाजात आईच्या हाका कोणाला ऐकू आल्या नसणार. मग तिनं झाकण वाजवलं असणार, जेवायला चला म्हणून. बाबांच्या पाठीशी, हातभर अंतरावर. तीस वर्षं याच बाईनं दोन बेल दिल्या की याच माणसाचा डावा हात गिअरवर जातो आणि गाडी निघते. त्यांच्या कानांना काल काही कळलंही नसेल. हाताला कळलं.

"आई," मी म्हटलं, "काल तू झाकण किती वेळा वाजवलंस?"

"कुठलं झाकण?"

"आई."

"भात निवत होता," ती म्हणाली. "चल, साडी वाळवायची आहे."

ती ताडताड चालत नळाशी गेली. मीही मागे गेले. तिनं नसलेला डाग धुवायला घेतला. मी म्हटलं, "बाबांना सांग. एक वाक्य आहे. ते टेबलाचं काम मागायला निघालेत."

"इंजिन केवढं ओरडतं ते. त्यात झाकण कोणाला ऐकू येणार?"

"त्यांच्या हाताला."

आईनं नळ बंद केला. मग एकदम म्हणाली, "कोपर दाखव. मलम लावलंस का?" लावलं होतं. तिनं परत लावलं. तोंडातून मात्र ब्र निघाला नाही. मला तिचा भयंकर राग आला. एवढी बडबडी बाई, आणि नेमकं बोलायच्या वेळी तोंडाला कुलूप!

मी आजीचा डबा घेऊन बोटीवर गेले आणि बसल्या बसल्या सगळं ओकून टाकलं. आजी शांतपणे जेवत होती.

"दोनदा," ती म्हणाली. "मी इथेच होते की. ठण्‌ ठण्‌, आणि दांडा पुढे."

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस!"

"सुनेची चूक सासूनं सांगितली की ते भांडण होतं. आईची चूक मुलीनं सांगितली की तो आगाऊपणा होतो. तिची तिनंच सांगितली तर ती चूक होते." आजीनं बोटं चाटली. "तू सांगितलंस तर तो तुझं ऐकेल, पण म्हणेल, पोर माझी समजूत घालतेय."

"आणि तिनं सांगितलंच नाही तर?"

"तर मी इथे बसलेय ना. किल्लीशिवाय बोटवाला काय ओढून नेणार आहे?"

"त्याच्याकडे दुसरी किल्ली असेल, आजी."

आजीचा घास थांबला. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं पिशवी चाचपली, मग नदी जिकडे वाहत होती तिकडे पाहिलं. आजीला अशी हरलेली मी कधी पाहिली नव्हती. मीही तिच्या शेजारी बसून राहिले.

दुपारभर आईनं माझ्या कोपराची पाठ सोडली नाही. बागेत एकदा मलम, बाकावर एकदा मलम. शेवटी मी म्हटलं, "आई, हात आहे, पाव नाही." ती हसली नाही. माझा हात मांडीवर घेऊन म्हणाली, "तू पाय टाकत होतीस ना तेव्हा? धक्क्यावर?"

"हो."

"एक पाय बाहेर होता?"

"जवळजवळ."

तिनं मान हलवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होते की ही नेहमीसारखी हट्टाला पेटली आहे. कंडक्टरचं एकच पाप असतं, माणूस दारात असताना डबल बेल देणं. ते तिनं तीस वर्षांत केलं नव्हतं, आणि केलं ते स्वतःच्याच मुलीच्या बाबतीत. ते तोंडानं म्हणायचं कसं, हे तिला समजत नव्हतं. माझा राग तिथेच बाकाखाली गळून पडला.

ऊन उतरल्यावर बाबा सामान बांधायला बोटीवर आले. आम्ही दोघी आधीच आलो होतो. आजी खिडकीशी, आई ओट्याशी. बाबा कोणाकडे न बघता पुढे गेले आणि सीटला बांधलेली उशी सोडायला बसले. गाठ पक्की होती. ती उजव्या हातानं ओढताना त्यांनी आधाराला डावा हात दांड्यावर ठेवला.

आईनं ओट्यावरून झाकण उचललं. चमचा उचलला.

ठण्‌ ठण्‌.

इंजिन बंद होतं, त्यामुळे बोट हलली नाही. दांडा मात्र पुढे गेला.

बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले. मग जे त्यांनी चालकाच्या जागेवरून तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मागे वळून पाहिलं.

"कालची बेल माझी होती," आई म्हणाली. ती सरळ उभी होती, साहेबांसमोर उभी राहावी तशी. "भात निवत होता. माझं माणूस दारात होतं, आणि मी डबल बेल दिली. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तुमचा हात बेलवर निघाला. चूक माझी आहे."

आमच्या घरात 'चूक माझी आहे' हे तीन शब्द पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहिले होते. आजीनं हळूच माझा हात धरला.

बाबांनी दांडा मधे आणला. परत आईकडे पाहिलं. "म्हणजे दुपारी त्या बाटलीचं..."

"आचाऱ्याची बेल."

"असं!" ते म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं ते आम्हाला सगळ्यांना दिसलं. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. गाठ परत आवळली. मग पुढे बघत हात मागे केला. "आई, किल्ली."

आजीनं पिशवी सोडली. किल्लीबरोबर एक लवंग, एक सुई आणि सकाळच्या बिस्किटाचा अर्धा तुकडा निघाला. "समुद्र?" तिनं विचारलं.

"समुद्र उद्या. आता नुसतं त्या वळणापर्यंत जाऊन परत याच धक्क्याला लागायचं. सगळ्यांच्या समोर. बोटवाल्याला नंतर फोन करतो, की येऊ नका."

मी धक्क्यावरून दोर सोडला आणि उडी मारून आत आले. इंजिन सुरू झालं. काठावर हॉटेलवाल्या बाई आमच्याकडे बघून छान हसल्या, हात हलवला, आणि उरलेल्या कुंड्या एकेक करून आत न्यायला लागल्या.

बोट हलेना. बाबा हात दांड्यावर ठेवून समोर बघत बसले होते. मागे आई, झाकण हातात, चमचा हातात. तिचा हात उठत नव्हता. आयुष्यभर दिवसातून शेकडो वेळा बेल देणारी ही बाई त्या चमच्याकडे विंचवाकडे बघावं तशी बघत होती.

"अगं, दे ना," आजी म्हणाली. "तोवर समुद्र आटेल."

आईनं मान हलवली. "तुम्ही निघा हो," ती बाबांना म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "बोटीला कुठे बेल लागते?"

बाबांनी मागे पाहिलं नाही. ड्रायव्हरनं पाहायचं नसतं.

"कंडक्टर," ते म्हणाले, "तुम्ही बेल दिल्याशिवाय माझी गाडी निघत नाही."

आई जरा थांबली. मग तिनं पदर खोचला. पुढे जाऊन दोर आत आल्याची खात्री केली. आजीचे पाय आत आहेत का ते पाहिलं. माझ्या दोन्ही हातांकडे, दोन्ही पायांकडे पाहिलं, आणि मी बसेपर्यंत वाट बघितली. मग आपल्या जागी येऊन तिनं झाकणावर दोनदा चमचा मारला.